पॉवर बीआय: ज्याचा आकडा आहे त्याच्या बाजूने एक परीक्षण

पॉवर बीआय म्हणजे संस्थेचा डेटा जोडून त्याचे आकडे आणि आलेख पडद्यावर दाखवणारं साधन. त्याविषयी जे काही लिहिलं जातं त्यात दोन माणसं नेहमी असतात: रिपोर्ट बनवणारा आणि तो बघून निर्णय घेणारा. तिसरा राहून जातो. ज्याच्या कामाचा, तक्रारीचा किंवा थकलेल्या बिलाचा तो आकडा असतो, तो. आकडे बघून निर्णय घ्यायला सुरुवात झाल्यावर संस्थेशी संबंधित लोक समाधानी होतात की आणखी दुखावतात, हे बरंचसं या तिसऱ्या माणसाला काय दिसतं आणि काय विचारता येतं यावर ठरतं. म्हणून हे परीक्षण त्याच्या बाजूने.

अशा लोकांना इंग्रजीत ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात; त्याला मराठीत चपखल शब्द नाही. ‘भागधारक’ म्हटलं की शेअर घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ‘हितसंबंधी’ला उगाच लबाडीचा वास येतो. इथे ‘संबंधित मंडळी’ म्हणू या: कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार, देणगीदार, संचालक, सगळे त्यात आले.

गुण द्यायचेच तर असे. निर्णय घेणाऱ्यांसाठी ५ पैकी साडेचार. रिपोर्ट बनवणाऱ्यांसाठी ४. ज्यांचे आकडे आहेत त्यांच्यासाठी, साधन जसं मिळतं तसंच वापरलं तर जेमतेम २. खाली सांगितलेली कामं हाताने करून घेतली तर ४. हा फरक कशामुळे पडतो, ते सविस्तर सांगायला हवं.

मायक्रोसॉफ्टने हे साधन जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. रचना साधी आहे. डेस्कटॉप हा विंडोजवरच चालणारा मोफत प्रोग्राम; त्यात रिपोर्ट बनवायचा. मग तो सर्व्हिसवर, म्हणजे वेबवरच्या भागात, प्रकाशित करायचा आणि लोक तिथून बघतात. डेस्कटॉपच्या पोटात तीन गोष्टी आहेत: पॉवर क्वेरी डेटा आणते आणि साफ करते, मॉडेल टेबलं एकमेकांना जोडतं आणि डॅक्स या भाषेत मेजर, म्हणजे हिशेबाची सूत्रं, लिहायची.

याचा सर्वांत मोठा गुण दिसायला किरकोळ आहे. मेजर एकदा लिहिलं की त्या मॉडेलवरच्या सगळ्या रिपोर्टांत तोच हिशेब चालतो. एक्सेलच्या प्रती इकडून तिकडे फिरतात तिथे वित्त विभागाचा आकडा एक, सेवा विभागाचा दुसरा, आणि अर्धी बैठक कोणाचा खरा यातच जाते. ज्याची तक्रार मुळात चर्चेला आली होती त्याचा विषय शेवटी पुढच्या बैठकीवर जातो. सामायिक सेमँटिक मॉडेल, म्हणजे टेबलं आणि मेजर असलेलं एकच मॉडेल, ठेवलं आणि त्याला ‘सर्टिफाइड’ची, म्हणजे संस्थेने मान्य केल्याची, खूण दिली की ही भांडणं खरोखर कमी होतात. बाकी काही न करता नुसतं एवढं केलं तरी साधन बसवण्याचे कष्ट वसूल होतात.

पण एकच सूत्र सगळीकडे लागतं म्हणजे ते सगळ्यांना कळलंय असं नाही. मेजरच्या गुणधर्मांत वर्णनाची चौकट आहे. तिथे लिहिलेला मजकूर रिपोर्ट बनवणाऱ्याला मेजरच्या नावावर माउस नेल्यावर दिसतो. नुसता रिपोर्ट बघणाऱ्याला तो दिसत नाही. नेमकी ज्याला व्याख्या हवी त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, ही आमच्या मते या साधनातली सर्वांत मोठी उणीव. उपाय हाताने करावा लागतो: प्रत्येक मुख्य आकड्याशेजारी छोटी खूण ठेवायची आणि तिच्यावर टूलटिप पान, म्हणजे माउस नेल्यावर उघडणारं छोटं पान, लावायचं. त्यात चार ओळी पुरतात. काय धरलं, काय सोडलं, डेटा कुठून आला, शंका असेल तर कोणाला विचारायचं. उदाहरणार्थ: ‘सुटलेल्या तक्रारी म्हणजे या महिन्यात बंद झालेल्या आणि ७ दिवसांत पुन्हा न उघडलेल्या. फोनवरच मिटलेल्या धरलेल्या नाहीत. स्रोत: तक्रार नोंदवही. विचारणा: सेवा विभाग.’ दुसरं वाक्य वाचल्याबरोबर फोनवर दिवसभर तक्रारी मिटवणाऱ्या माणसाला कळतं की आपलं काम या आकड्यात आलेलंच नाही. मग तो रागावून गप्प बसत नाही, बोलतो.

सरासरी कुठे फसवते

समाधान मोजण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे सर्वेक्षण, १ ते ५ गुण. समजा दोन विभाग आहेत. पहिल्यातून २०० उत्तरं आली, सरासरी ४.५. दुसऱ्यातून २० उत्तरं आली, सरासरी ३. गुणांचा स्तंभ पॉवर बीआयमध्ये आणला की त्याच्यापुढे बेरजेची खूण आपोआप लागते, आणि तो कार्डावर, म्हणजे एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत, टाकला तर कार्ड म्हणतं: समाधान ९६०. ही चूक निरुपद्रवी, कारण ती पाहताक्षणी कळते. त्या स्तंभाची आपोआप होणारी बेरीज बंद केली की झालं.

न कळणारी चूक वेगळी. बऱ्याच ठिकाणी विभाग आपापली सरासरी काढून एका एक्सेल फाइलमध्ये भरतात आणि तीच फाइल पॉवर बीआयला जोडतात. मग ४.५ आणि ३ यांची सरासरी निघते ३.७५. खरा आकडा ९६० भागिले २२०, म्हणजे ४.३६. अर्ध्या गुणाहून जास्त फरक पडला, आणि दोष साधनाचा नव्हे. त्याला मूळ उत्तरं दिलीच नव्हती. म्हणून नियम करावा: मॉडेलमध्ये एका उत्तराला एक ओळ. आधीच सरासरी काढलेला आकडा कधीही आत घ्यायचा नाही. सूत्रात गुणांच्या बेरजेला उत्तरांच्या संख्येने भागायचं, आणि भागाकाराच्या चिन्हाऐवजी डिव्हाइड हे फंक्शन वापरायचं, म्हणजे उत्तरं शून्य असतील तिथे विचित्र चिन्ह न येता जागा रिकामी राहते.

हिशेब बरोबर झाला तरी गोष्ट संपत नाही. दुसऱ्या विभागात माणसं किती? तीसच असतील तर २० उत्तरं उत्तम. तीनशे असतील तर २८० जणांनी तोंडच उघडलेलं नाही, आणि ४.३६ हा आकडा त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. नाराज माणूस पहिल्या वेळी कमी गुण देतो, दुसऱ्या वेळी फॉर्म भरतच नाही. त्यामुळे समाधान वाढल्याचा आनंद मानण्याआधी प्रतिसाद किती टक्के घटला हे बघायला हवं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच आकाराच्या कार्डांवर ठेवावेत. प्रतिसादाचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकला तर तो कोणी वाचत नाही.

रिकाम्या जागांचंही असंच. डॅक्सचं ॲव्हरेज हे फंक्शन रिकामी नोंद सोडून देतं, पण शून्य मात्र धरतं. साफसफाईच्या पायरीत कोणीतरी ‘नलच्या (रिकाम्या नोंदीच्या) जागी शून्य’ असा बदल केला की ‘लागू नाही’ म्हणून प्रश्न सोडलेला माणूस शून्य गुण देणारा ठरतो. दहा जणांपैकी आठ जणांनी ४ दिले, दोघांनी प्रश्न सोडला, तर सरासरी ४ यायला हवी; शून्य भरल्यावर ती ३.२ होते. ज्या विभागाशी निम्म्या लोकांचा संबंधच येत नाही त्याला ही चूक सर्वांत महागात पडते. आकडे एकाएकी घसरलेले दिसले तर सगळ्यात आधी पॉवर क्वेरीतल्या उजवीकडच्या पायऱ्यांची यादी वरून खाली वाचावी.

नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजे लोक आपली शिफारस इतरांना करतील का याचं माप, वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रेड रायखहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या या मापात ० ते १० गुण विचारतात. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची, ७-८ देणारे मध्ये राहतात. उत्तरं ४० असतील तर एक माणूस ९ वरून ८ वर आला की स्कोअर अडीच अंकांनी खाली येतो. तोच ९ वरून ६ वर आला तर ५ अंकांनी. म्हणजे एका माणसाचा वाईट दिवस संचालकांच्या पडद्यावर घसरण म्हणून लाल रंगात दिसतो. पॉवर बीआयचं केपीआय व्हिज्युअल, म्हणजे आकडा लक्ष्याशी ताडून दाखवणारी आकृती, हा रंग देताना उत्तरं ४० होती की ४,००० हे बघत नाही. शीर्षकातच उत्तरांची संख्या येईल असं मेजर लिहावं आणि लहान संख्येला रंग लावूच नये.

तक्रार सुटायला लागलेले दिवस हा आणखी एक सापळा. दहा तक्रारी, नऊ प्रत्येकी २ दिवसांत सुटल्या, एकीला ४२ दिवस लागले. सरासरी ६ दिवस. सहा दिवस तर त्या दहांतल्या एकालाही लागलेले नाहीत! मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २ दाखवला तर ४२ दिवस वाट बघणारा माणूस दिसेनासा होतो. दोन्हींच्या जागी ‘ठरलेल्या मुदतीपलीकडे किती तक्रारी गेल्या आणि त्यातली सर्वांत जुनी किती दिवसांची’ हे दाखवणं उपयोगी, कारण ते वाचून काय करायचं हे लगेच कळतं. आणि याहून गंभीर म्हणजे जी तक्रार अजून सुटलेलीच नाही तिची बंद होण्याची तारीख रिकामी असते, म्हणून ती सरासरीत येतच नाही. सर्वांत जास्त रखडलेली माणसं मोजणीच्या बाहेर राहतात, आणि जुन्या तक्रारी न सोडवता फक्त नव्या सोडवत राहिलं तर आकडा सुधारत जातो. उघड्या तक्रारींचं वय आजच्या तारखेपर्यंत मोजणारं दुसरं मेजर लिहिलंच पाहिजे. यात सवलत नाही.

आकडा कधीचा आहे

डेटा मॉडेलमध्ये साठवून ठेवायच्या, म्हणजे इम्पोर्ट पद्धतीत, माणशी घ्यायच्या प्रो लायसन्सवर दिवसाला ८ वेळा ठरलेल्या वेळी रिफ्रेश, म्हणजे डेटा नव्याने आणणं, लावता येतं. प्रीमियम क्षमतेवर, म्हणजे पूर्ण संस्थेसाठी घेतलेल्या राखीव क्षमतेवर, ४८ वेळा. ठरवलेल्या मिनिटाला ते सुरू होईलच असं नाही; साधारण पंधरा मिनिटांत सुरू होतं आणि कधी तासाभरापर्यंतही लांबू शकतं. दहाच्या बैठकीसाठी रिफ्रेश साडेनऊला लावणं म्हणजे उगाच ताण. आठला लावावं.

रिफ्रेश सलग चार वेळा फसलं की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करतं. दोन महिने कोणी रिपोर्ट उघडला नाही तरी ते थांबतं. फसल्याचा मेल आपोआप जातो फक्त मॉडेलच्या मालकाला. तो रजेवर असेल, किंवा नोकरी सोडून गेला असेल, तर पडद्यावर जुनेच आकडे ताज्या चेहऱ्याने बसून राहतात आणि त्यावरून निर्णय होत राहतात. सेटिंगमध्ये रिफ्रेशच्या भागात आणखी पत्ते घालायची सोय आहे. तिथे किमान दोन जणांचे पत्ते हवेत. मालकाने पासवर्ड बदलला की स्रोताची जोडणी तुटते, हे रिफ्रेश अडण्याचं नेहमीचं कारण. माणूस जाण्याआधी मॉडेलची मालकी दुसऱ्याने ‘टेक ओव्हर’ करून जोडणी पुन्हा भरायची. हे काम निरोप समारंभाच्या आधीच्या यादीत असावं.

डेटा कार्यालयातल्या सर्व्हरवर किंवा एखाद्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये असेल तर गेटवे, म्हणजे तो डेटा सर्व्हिसपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, लागतो. तो कोणाच्या तरी लॅपटॉपवर बसवला की लॅपटॉप बंद, गेटवे बंद. कायम चालू राहणाऱ्या यंत्रावर बसवावा. फाइल शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेबवरच्या फाइल-साठ्यात, ठेवून तिथूनच जोडली तर गेटवेची गरज पडत नाही, लहान संस्थांनी हाच रस्ता धरावा. मात्र डेस्कटॉपमध्ये आपल्या संगणकावर उतरवलेल्या प्रतीचा पत्ता देऊन जोडणी केली तर तुमच्याकडे सगळं छान चालतं आणि सर्व्हिसवर गेल्यावर अडतं.

सर्व्हिसवर टुडे आणि नाऊ ही फंक्शनं युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, चालतात. जिथलं घड्याळ युटीसीच्या पुढे आहे तिथे सकाळचे काही तास ‘आज’ म्हणजे काल असतो. ‘गेले ७ दिवस’ असा सापेक्ष तारखेचा फिल्टरही त्याच हिशेबाने चालतो. डेस्कटॉपवर तपासताना ही फंक्शनं बरोबर चालतात, कारण तिथे तुमच्या संगणकाचं घड्याळ असतं, आणि म्हणूनच ही चूक प्रकाशित झाल्यावर लोकांच्या हाती सापडते. पॉवर क्वेरीत युटीसी वेळ घेऊन तिच्यात आपल्या वेळेचा फरक मिळवायचा आणि ती तारीख एका छोट्या टेबलात ठेवायची. हिशेब त्या तारखेवरून करायचे.

ताजेपणाच्या पाटीवर दोन तारखा लागतात. रिफ्रेश कधी झालं ही एक, आणि डेटातली शेवटची नोंद कधीची ही दुसरी. स्रोताच्या फाइलमध्ये कोणी आठवडाभर काही भरलंच नसेल तर रिफ्रेश दर वेळी हिरव्या खुणेसह पार पडतं आणि डेटा आठवड्याचा शिळा असतो. रिपोर्टच्या वरच्या पट्टीत सर्व्हिस जी तारीख दाखवते ती पहिली असते. दुसरी आपल्याला कार्डावर आणावी लागते; तारखेच्या स्तंभाचा मॅक्स (सर्वांत अलीकडची तारीख) काढला की ती मिळते. पुरवठादाराला ‘तुमचं बिल अजून आलेलं नाही’ असं सांगण्याआधी निदान एवढं तरी बघितलेलं असावं.

नाव न देता उत्तर दिलेला माणूस

‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’ असं सांगून भरून घेतलेलं सर्वेक्षण पॉवर बीआयमध्ये आणताना सर्वाधिक काळजी लागते, कारण विश्वास इथे एकदा गेला की पुढच्या वर्षी उत्तरं मिळत नाहीत. रिपोर्टवर विभाग, वयोगट, नोकरीची वर्षं असे तीन स्लायसर, म्हणजे बघणाऱ्याला वापरता येणाऱ्या गाळण्या, ठेवले की तीन टिचक्यांत एका माणसापर्यंत पोचता येतं. उत्तरं पाचपेक्षा कमी असतील तर काही दाखवू नका, अशी सोय या साधनात तयार मिळत नाही. मेजरमध्ये ती अट लिहावी लागते.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एकूण १२ उत्तरांची सरासरी आणि त्यातल्या ९ जणांच्या गटाची सरासरी दोन्ही दिसत असतील, तर झाकलेल्या तिघांची सरासरी वजाबाकीने निघते. १२ जणांची सरासरी ४ म्हणजे बेरीज ४८. नऊ जणांची साडेचार म्हणजे साडेचाळीस. उरले साडेसात, तिघांत अडीच. झाकलं, पण झाकलं गेलं नाही. म्हणून एक गट झाकला की त्याच्याबरोबर आणखी एक झाकावा, किंवा छोटे गट एकत्र करून ‘इतर’ करावं. शिवाय ज्याला ‘बिल्ड’ परवानगी, म्हणजे मॉडेलवर स्वतःचा रिपोर्ट बनवायची मुभा, आहे तो त्याच मॉडेलवर एक्सेलमधून पिव्होट लावून मेजरला बगल देऊ शकतो. खरी सुरक्षितता एकच: वयोगट, रुजू तारीख यांसारखे ओळख पटवणारे स्तंभ मॉडेलमध्ये येण्याआधीच काढून टाकणे. लपवलेला स्तंभ किंवा लपवलेलं पान म्हणजे सुरक्षा नव्हे. ती फक्त आवराआवर.

ओळ-पातळीची सुरक्षा, म्हणजे प्रत्येकाला आपल्यापुरत्याच ओळी दिसणं, ही सोय मात्र पक्की आहे आणि संबंधित मंडळींच्या दृष्टीने फार मोलाची. पुरवठादाराला त्याचीच बिलं, शाखेला तिचेच आकडे. भूमिका बनवायची, तिच्यात लॉगिन करणाऱ्याच्या ईमेलवरून गाळणी लावायची आणि ‘व्ह्यू ॲज’ने तपासायचं. लोक इथे घसरतात ते एकाच जागी: ही सुरक्षा वर्कस्पेसमधल्या, म्हणजे रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेतल्या, फक्त व्ह्यूअरला (नुसतं बघणाऱ्याला) लागू होते. सोयीसाठी कोणाला मेंबर किंवा काँट्रिब्युटर केलं की त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. आणि ‘पब्लिश टू वेब’ हे बटण संस्थेअंतर्गत डेटासाठी कधीही वापरायचं नाही. त्यातून निघणारी लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला लॉगिनशिवाय रिपोर्ट उघडतो. प्रशासकाने ती सोय बंदच ठेवावी.

आलेखांबद्दल थोडक्यात. स्तंभालेखाचा उभा अक्ष साधारणपणे शून्यापासून सुरू होतो, रेषालेखाचा तसा होईलच असं नाही. समाधान ४.३१ वरून ४.२७ वर आलं की रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. अक्षाला किमान १ आणि कमाल ५ हाताने द्यावेत. निर्यातीचंही ध्यानात असू द्या: सीएसव्हीत ३०,००० ओळी आणि एक्सेलमध्ये १,५०,००० ओळींपर्यंतच डेटा बाहेर पडतो. ‘मी बेरीज केली, जुळत नाही’ अशी तक्रार आली तर आधी ओळी मोजाव्यात. फोनसाठी वेगळी मांडणी केली नसेल तर आडवं पान आक्रसून उघडतं आणि बाहेर फिरतीवर असलेल्या माणसाला काहीही वाचता येत नाही.

लक्ष्य ठरल्यावर आकडा बदलतो

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं ते प्रत्येक डॅशबोर्डला लागू आहे: एखाद्या मापावरून नियंत्रण करायला लागलं की त्या मापाचा भरवसा ढळतो. ‘४८ तासांत तक्रार बंद’ असं लक्ष्य गेज व्हिज्युअलवर, म्हणजे काट्याच्या तबकडीवर, आलं की तक्रारी ४७व्या तासाला बंद होऊ लागतात, सुटोत न सुटोत. ग्राहक पुन्हा नवी तक्रार टाकतो, तीही वेळेत बंद होते. हिरवा काटा, संतापलेला ग्राहक. यावर धाकाचा उपयोग होत नाही, जोडमाप लागतं. बंद करण्याच्या वेळेसोबत पुन्हा उघडलेल्या तक्रारींचं प्रमाण. त्याच ग्राहकाची त्याच विषयावर १४ दिवसांत आलेली नवी तक्रार. हे दुसरं काढायला मॉडेलमध्ये ग्राहक क्रमांक आणि विषयाचा स्तंभ दोन्ही हवेत, आणि विषय मोकळ्या मजकुरात भरला जात असेल तर ते जमत नाही. म्हणजे सुधारणा फॉर्मपासून करावी लागते, जिथे विषय यादीतून निवडता येईल. डॅशबोर्डची दुरुस्ती पुष्कळदा अशी दोन पायऱ्या मागे जाऊन करायची असते.

लक्ष्य ज्यांना गाठायचं आहे त्यांना ते ठरवताना बसवलं नसेल तर पॉवर बीआय त्यांच्यासाठी पाळतीचा कॅमेरा ठरतो. व्यक्तिनिहाय क्रमवारीचं पान सगळ्यांना खुलं ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे. अवघड तक्रारी अनुभवी माणसाकडे जातात, म्हणून त्याचे दिवस जास्त लागतात, आणि क्रमवारीत तो तळाला दिसतो. क्रमवारी लावायचीच तर आधी तक्रारीचा प्रकार गाळून घ्यावा, सारख्याची सारख्याशी तुलना व्हावी.

टिप्पणीची सोय या संदर्भात उपयोगी आहे आणि फारच कमी वापरली जाते. रिपोर्टवरच लिहिता येतं, सहकाऱ्याला नावाने बोलावता येतं आणि त्या वेळी लावलेले फिल्टरही टिप्पणीसोबत जपले जातात. त्यामुळे ‘कोणता आकडा म्हणताय?’ हा प्रश्न उरत नाही. ‘या महिन्यात आमच्याकडे दोन आठवडे यंत्रणा बंद होती’ अशी ओळ आकड्याच्या शेजारी राहिली की वाचणाऱ्याला पूर्ण चित्र मिळतं. तीच ओळ मेलमध्ये गेली तर पुढच्या तिमाहीपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

उरला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न: यावरून ठरलं काय? रिपोर्ट हे सांगत नाही. त्यातल्या त्यात जवळ जाणारी सोय म्हणजे स्कोअरकार्ड. त्यात प्रत्येक मेट्रिकला जबाबदार माणूस, मुदत, स्थिती आणि वेळोवेळीच्या नोंदी ठेवता येतात. ते जड वाटत असेल तर शेअरपॉइंटवर साधी यादी करावी: तारीख, कोणता आकडा पाहिला, काय ठरलं, कोणी ठरवलं, पुन्हा कधी बघायचं. ती यादी मॉडेलला जोडून रिपोर्टचं शेवटचं पान बनवावं. ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही हे केलं, हे करू शकलो नाही आणि त्याचं कारण हे’ एवढं त्या पानावर दिसलं पाहिजे. नकारही लिहावा. सर्वेक्षण भरून काहीच घडत नाही असं वाटलं की माणूस पुढच्या वेळी भरत नाही. स्पष्ट कारणासह नकार मिळाला तर निदान आपलं वाचलं गेलं हे त्याला कळतं.

लायसन्सची अट याच ठिकाणी आड येते. रिपोर्ट वाटण्यासाठी बनवणाऱ्याला प्रो लागतं, आणि बघणाऱ्यालाही लागतं. मोफत लायसन्सवर बघता यायला हवं असेल तर संस्थेकडे प्रीमियम क्षमता किंवा फॅब्रिकची (मायक्रोसॉफ्टच्या व्यापक डेटा-सेवेची) एफ ६४ किंवा त्याहून मोठी क्षमता असावी लागते. हा खर्च टाळायला बऱ्याच ठिकाणी वरच्या दहा-वीस जणांनाच लायसन्स दिलं जातं आणि बाकीच्यांना पडद्याचा फोटो मिळतो. फोटोत टूलटिप उघडत नाही, फिल्टर बदलत नाही, टिप्पणी टाकता येत नाही. वर सांगितलेली निम्मी मेहनत वाया जाते. खरेदीआधी लायसन्स मोजताना निर्णय घेणाऱ्यांची नव्हे, ज्यांचे आकडे आहेत त्यांची डोकी मोजावीत. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर निदान महिन्यातून एकदा रिपोर्ट समोर उघडून, त्यांच्या हातात माउस देऊन तासभर बसावं.

आणि संबंधित मंडळी तीस-चाळीसच असतील, डेटा एका फाइलमध्ये मावत असेल, तर पॉवर बीआय घेऊच नका. सामायिक एक्सेल फाइल, पहिल्या पानावर व्याख्या, दुसऱ्यावर मूळ नोंदी, तिसऱ्यावर हिशेब, चौथ्यावर काय ठरलं. सूत्र प्रत्येकाला सेलवर टिचकी मारून वाचता येतं, हा गुण तर पॉवर बीआयच्या व्ह्यूअरला मिळतच नाही.